नीरा ते कावेरी : पीक, पाणी आणि ‘ब्लॉक’ पद्धतीचा प्रवास

१

कालव्याचे पाणी मिळालेल्या जमिनीत कोणते पीक घ्यावयाचे, हा निर्णय सामान्यतः शेतकऱ्याचा खासगी निर्णय मानला जातो. इतिहासाचा दाखला मात्र वेगळा आहे. कालव्याच्या मुखाशी उभा राहिलेला ऊस शेवटच्या गावातील ज्वारीला पाणी मिळणार की नाही हे ठरवतो. म्हणजेच पिकाची निवड ही पाण्याची वाटणी असते, आणि ती वाटणी कोणी करावयाची हा मूळ प्रश्न होय. गावाने, सरकारने, कारखान्याने की बाजारभावाने, या प्रश्नाला दख्खनच्या पठारावर गेल्या दीडशे वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्यांपैकी एक उत्तर पुणे जिल्ह्यातील नीरा कालव्यावर तयार झाले, तेथून म्हैसूर संस्थानात गेले, आणि त्याचे परिणाम आज बंगळुरू शहराच्या नळापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

हे उत्तर म्हणजे ‘ब्लॉक’ पद्धती. तिचे प्रवर्तक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जीवनक्रमही याच दोन प्रदेशांना जोडणारा आहे. मुद्देनहळ्ळी या गावी जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांनी बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजमध्ये पदवी घेतली, पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात प्रवेश केला. सुमारे पाव शतकाच्या या नोकरीनंतर १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, आणि १९१२ ते १९१८ या काळात संस्थानचे दिवाण होते. १४ एप्रिल १९६२ रोजी बंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. मराठीत त्यांचे नाव प्रामुख्याने खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांच्या संदर्भात घेतले जाते, तर कन्नडमध्ये ते कृष्णराजसागराशी जोडलेले आहे. पिकाच्या निवडीसंबंधी त्यांनी मांडलेला विचार दोन्हीकडे तुलनेने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः धरणाच्या भिंतीइतकेच त्या विचाराचेही महत्त्व आहे.

२

या इतिहासाचा आरंभ भाषेपासून करणे सोयीचे ठरते. महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात जमिनीचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : जिरायत आणि बागायत. बागायतीचे पुन्हा मोटस्थळ व पाटस्थळ असे पोटभेद होतात. म्हैसूरच्या महसुली परिभाषेत खुष्की, तरी आणि बागायत असे तीन वर्ग आढळतात : खुष्की म्हणजे कोरडवाहू, तरी म्हणजे तळ्याच्या वा कालव्याच्या पाण्यावरील भातजमीन, आणि बागायत म्हणजे नारळ, सुपारी इत्यादींची बाग. ही संज्ञा-व्यवस्था फार्सी मुळांची असून दख्खनी सत्तांच्या दप्तरांतून दोन्ही भाषांत रुजली. १६३८ च्या सुमारास बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्यानंतर या प्रदेशाच्या दप्तरी व्यवहाराशी मराठीचा निकटचा संबंध आला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

या शब्दांतील फरक सूचक आहे. जिरायत-बागायत ही जोडी जमिनीला पाणी आहे की नाही एवढेच सांगते. पाणी मिळाले की जमीन बागायत होते, मग तीत भाजीपाला असो की ऊस. म्हैसूरच्या त्रिविध वर्गीकरणात ‘तरी’ या शब्दाबरोबर भाताचे पीक जवळजवळ गृहीत धरलेले असते. पहिल्या परिभाषेत पीक मोकळे आहे, दुसरीत ते वर्गातच गोवलेले आहे. मात्र पिकाला लागणारे पाणी मोजण्याची सोय दोन्हींत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार ज्वारी-बाजरीसारख्या तृणधान्यांची संपूर्ण हंगामाची गरज ४५० ते ६५० मिलिमीटर, तर उसाची १५०० ते २५०० मिलिमीटर असते. भाताची नुसती पिकाची गरज ४५० ते ७०० मिलिमीटर सांगितली जाते. तथापि खाचरात पाणी साठवून ठेवावे लागत असल्यामुळे, जमिनीत मुरणारे पाणी धरता, कालव्यातून प्रत्यक्ष घ्यावे लागणारे पाणी त्याहून पुष्कळ अधिक असते. सातबाऱ्यावरील ‘बागायत’ या एका शब्दाखाली अशा प्रकारे तिप्पट-चौपट अंतर झाकले जाते.

३

पीक आणि पाणी यांचा मेळ घालणारी जुनी व्यवस्था महाराष्ट्रात होती. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आधाराने चालणारी फड पद्धती ही ती होय. या पद्धतीत बंधाऱ्याखालील सर्व जमीन तीन-चार फडांत विभागली जाई. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे, एका फडात ऊस असला तर बाकीच्यांत हंगामी पिके घ्यावयाची, आणि दरवर्षी फेरपालट करावयाची, असा दंडक असे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे उसाचा लाभ व हंगामी पिकाची मर्यादा दोन्ही सर्वांच्या वाट्याला येत. पाणी देणारा पाटकरी सर्वांच्या वतीने नेमलेला असे. शेतकऱ्याने स्वतः दार उघडावयाचे नसे. कर्नाटकातील तळ्यांखालच्या जमिनीत हेच काम नीरगंटी करीत असे. तळ्यात पाणी किती आहे हे पाहून त्या वर्षी किती क्षेत्रात भात लावावयाचा याचा निर्णय सामुदायिक रीतीने होई.

इंग्रजी अमलातील मोठ्या कालव्यांनी ही घडण पालटली. पाण्याचा स्वामी आता सरकार होता आणि शेतकरी त्याचा ग्राहक. या नव्या नात्याचे पहिले मर्मग्राही मराठी विवेचन जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात आढळते. खडकवासला धरणाच्या कामाशी फुल्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला होता आणि मांजरी परिसरात कालव्याच्या पाण्यावर त्यांनी स्वतः बागायत केली होती. त्यामुळे त्यांची टीका अनुभवातून आलेली आहे. पाणीपट्टी वसूल करणारे खाते शेतापर्यंत पाणी नेमके किती पोहोचते याची जबाबदारी घेत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. साहित्याच्या इतिहासात हा ग्रंथ सामाजिक विद्रोहाचा दस्तऐवज म्हणून वाचला जातो. सिंचनाच्या इतिहासातही त्याला तितकेच महत्त्वाचे स्थान आहे.

४

दख्खनमधील कालवे मुख्यतः दुष्काळनिवारणाच्या हेतूने काढले गेले. अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचावी, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी ज्वारीला पैसे देऊन पाणी घेईना, आणि दुष्काळात सर्वांनी एकदम मागितले की ते पुरेना. कालव्याचा खर्च भरून निघेना. वर्षभर पाणी घेणारे आणि भारी पट्टी भरणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. अशा रीतीने अन्नधान्याच्या संरक्षणासाठी काढलेला कालवा महसुलासाठी नगदी पिकाकडे वळला. १८८० च्या दशकात सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यावर हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. पुरंदर तालुक्यातील सासवडचे माळी, ज्यांना मोटेवरील ऊसशेतीचे पिढीजात ज्ञान होते, ते कालव्याच्या गावांत जाऊन खंडाने जमिनी घेऊ लागले. त्यांच्याच उद्यमातून १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभा राहिला.

उसाच्या प्रसाराबरोबर त्याची किंमतही कळू लागली. कालव्याच्या मुखाकडील काळ्या जमिनीत वर्षभर पाणी मुरून त्या पाणथळ व क्षारपड होऊ लागल्या. हेरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरीकडे शेपटाकडील गावे कोरडी राहिली. एकाच कालव्यावर पाण्याचा अतिरेक व अभाव शेजारी नांदत होते.

विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धती हा या दुहेरी दोषावरील उपाय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी असे सुचवले की, मुखाकडील मोजक्या गावांत सर्व पाणी खर्च न करता कालव्याखालील प्रत्येक गावात निवडक जमिनीचा एक गट आखावा. त्या गटाला काही वर्षांच्या मुदतीची पाण्याची हमी द्यावी. मात्र गटाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शातच ऊस असावा, बाकीच्या क्षेत्रात कमी पाण्याची हंगामी पिके घ्यावीत आणि दरवर्षी त्यांची फेरपालट करावी. नोकरीच्या आरंभीच्या काळात विश्वेश्वरय्यांनी खानदेशात काम केले होते, आणि फड व ब्लॉक यांच्यातील साम्य नजरेत भरणारे आहे : दोहोंत पीक क्षेत्राशी बांधलेले आहे, दोहोंत फेरपालट आहे. भेद आहे तो अधिकाराचा. फडाचा नियम गाव ठरवीत असे आणि मोडणाऱ्याला गावाला तोंड द्यावे लागे. ब्लॉकचा नियम खात्याच्या मंजुरीपत्रात होता आणि मोडणाऱ्याला दंडाची पावती मिळे.

हा भेद पुढे निर्णायक ठरला. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर कारखाने उभे राहू लागले. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि सहकाराच्या रूपाने छोट्या ऊस-उत्पादकाला मालकी व प्रतिष्ठा मिळाली. ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील ही मोठी घटना होय. मात्र कारखान्याला रोज गाळपासाठी ऊस हवा असतो, बँकेला कर्जवसुलीची शाश्वती हवी असते, आणि ज्वारीला हमखास गिऱ्हाईक नसते. अशा परिस्थितीत उसाचा तिसरा हिस्सा कागदावर राहिला. पुढे बारमाहीऐवजी आठमाही पाणी देण्याचे धोरण आले, म्हणजे उन्हाळ्यात कालव्याने उसाला पाणी पुरवू नये असे ठरले. तेव्हा शेतकऱ्याने उन्हाळ्यापुरती विहीर खणली, आणि त्या विहिरीला पाझर कालव्याचाच होता. २०१० नंतरच्या दशकात कृषी परिव्यय व मूल्य आयोगानेच नोंदवले की, महाराष्ट्रात एकूण पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी असलेला ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. लातूर हा मराठवाड्यातील साखर कारखानदारीचा जिल्हा आहे.

५

म्हैसूर संस्थानात कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि सुमारे दोन दशके चालले. सुमारे ४९ टीएमसी, म्हणजे ४९ अब्ज घनफूट, साठ्याच्या या धरणापासून निघालेला आयर्विन कालवा (आजचा विश्वेश्वरय्या कालवा) मंड्याच्या खुष्की जमिनीत पोहोचला, तेव्हा त्याच्याबरोबर नीरेवरील ब्लॉकची कल्पनाही तेथे गेली. नाचणीच्या या प्रदेशात ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके यांची तीन वर्षांची फेरपालट योजण्यात आली. संस्थानचे कृषी संचालक लेस्ली कोलमन यांच्या प्रयत्नांनी १९३३ मध्ये मंड्याला म्हैसूर शुगर कंपनी स्थापन झाली. १९३९ मध्ये मंड्या हा स्वतंत्र जिल्हा झाला. कालव्याने आणि कारखान्याने घडवलेला जिल्हा, असे त्याचे वर्णन अतिशयोक्त ठरणार नाही.

मंड्याचा अनुभव नीरेहून एका बाबतीत निराळा आहे. नीरेवर ब्लॉक पद्धती आधीच पसरलेल्या उसाला आवर घालण्यासाठी आली. मंड्यात ती पहिल्या दिवसापासून योजनेचा भाग होती. नियम उशिरा आला म्हणून मोडला, असे तेथे म्हणता येत नाही. तरीही फल तेच झाले. उसाला कारखाना होता. भाताला घरची गरज, बाजार आणि ‘तरी’ जमिनीची प्रतिष्ठा होती. नाचणी हे गरिबाचे अन्न ठरले. फेरपालट मागे पडली, मुखाकडील भागात भात व ऊस यांचे वर्चस्व वाढले, आणि शेपटाकडील गावे पाळीची वाट पाहू लागली. आखणी जमिनीला बांधू शकली, भावाला बांधू शकली नाही.

६

कावेरीच्या तंट्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. म्हैसूर व मद्रास यांच्यातील १८९२ आणि १९२४ च्या करारांतून नदीच्या वापराची चौकट ठरली. १९२४ च्या करारात धरणातून सोडावयाच्या प्रवाहाचे नियम होते. सिंचन वाढवण्याची मर्यादा मात्र एकरांत सांगितलेली होती. एकराच्या भाषेत नाचणीचा एकर आणि उसाचा एकर सारखेच दिसतात. जिरायत-बागायत या परिभाषेतील उणीव आंतरराज्य करारातही अशी उतरली. १९९० मध्ये नेमलेल्या न्यायाधिकरणाने ५ फेब्रुवारी २००७ रोजी अंतिम निवाडा दिला तेव्हा हिशेब टीएमसीत झाला, आणि कोणत्या भागात कोणते पीक किती क्षेत्रात धरावयाचे याची तपासणी त्यात करावी लागली. जो प्रश्न फडात पाटकरी आणि गाव सोडवीत असत, तो अखेर न्यायासनापुढे गेला.

बंगळुरू शहर या हिशेबात विलक्षण जागी उभे आहे. ते नदीकाठी वसलेले नाही. पाणलोटाचा कणा शहरातूनच जातो. एका बाजूचे पाणी वृषभावती व अर्कावतीतून कावेरीकडे, तर दुसऱ्या बाजूचे दक्षिण पिनाकिनीकडे वाहते. शहराचा केवळ तिसरा हिस्सा कावेरीच्या खोऱ्यात येतो, म्हणून न्यायाधिकरणाने त्याची गरज मर्यादित धरली होती. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य करून बंगळुरूसाठी ४.७५ टीएमसीची भर घातली. शहरी पाण्यापैकी बहुतांश सांडपाण्याच्या रूपाने परत वाहत असल्यामुळे अशा हिशेबात सुमारे पाचवा हिस्साच खर्ची धरला जातो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. ज्या ४.७५ टीएमसीसाठी इतका दीर्घ युक्तिवाद झाला, ते पाणी म्हणजे सुमारे साडेतेरा कोटी घनमीटर होय. पावसाचा वाटा बाजूला ठेवला आणि उसाची गरज २००० मिलिमीटर धरली, तर तेवढ्या पाण्यात सुमारे ६७०० हेक्टर ऊस निघतो. एका महानगराची वाढीव तहान आणि एका कालव्यावरील काही गावांच्या पिकाची निवड ही अशी एकाच तराजूत येतात.

या तराजूचे दुसरे पारडे शहराच्या अगदी जवळ आहे. कावेरीचे पाणी १९७४ मध्ये येण्यापूर्वी बंगळुरू हेसरघट्टा (१८९६) आणि तिप्पगोंडनहळ्ळी (१९३३) या अर्कावतीवरील जलाशयांवर अवलंबून होते. त्यांची आवक पुढे घटत गेली. अर्कावती का आटली, याविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हवामानबदलापेक्षा भूजलाचा उपसा आणि निलगिरीची लागवड या कारणांकडे अधिक बोट दाखवले. नाचणीच्या शेतात निलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यापाशी त्याची कारणे होती : शहरात मजुरीला जाणाऱ्याला राखणीची गरज नसलेले पीक हवे होते. शहराने शेतातील माणूस ओढून घेतला. त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या झाडाने शहराचे पाणी ओढून घेतले. आज कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, उंच उपसून आणावे लागते. २०२३ चा पाऊस अपुरा पडल्यावर २०२४ च्या आरंभी शहरातील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला.

७

फड आणि ब्लॉक यांखेरीज तिसराही एक प्रयोग या इतिहासात आहे, आणि तो नीरेच्याच परिसरातला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचे, भूमिहीनालाही त्याचा हक्क असावा, आणि उसासारखे पीक घ्यावयाचे नाही, असे तिचे नियम होते. ज्या तालुक्यातून सासवडचे माळी उसासाठी कालव्याकडे गेले, त्याच तालुक्यात उसाला नकार देणारा नियम लोकांनी स्वतःला लावून घेतला. फडाची सामुदायिकता येथे पुन्हा आली, आणि फडाने जो प्रश्न विचारला नव्हता तो येथे विचारला गेला : ज्याला जमीनच नाही त्याच्या पाण्याचे काय? शिवराम कारंतांच्या ‘चोमन दुडी’ या कादंबरीतील चोमाची आयुष्यभराची आस स्वतःची जमीन कसण्याची आहे. त्याच्या दृष्टीने पिकाची निवड ही फार पुढची गोष्ट होय. पाणी पंचायतीने पाण्यापुरती का होईना, ही अट ओलांडली. मात्र तिचा प्रसार मर्यादित राहिला, कारण तिच्याभोवतीचा बाजार आणि कायदा जमिनीच्या मालकीवरच आधारलेला होता.

मराठी ग्रामीण साहित्यात अवर्षणाचे चित्रण विपुल आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) ही त्याची दोन ठळक उदाहरणे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) बागायतीतील कष्टाचे जग येते. तुलनेने कालव्याचे मुख आणि शेपूट यांच्यातील नाते, पाळी, शेजपाळी, सात नंबरचा पाणीअर्ज, दाराशी रात्री होणारी भांडणे, हे जग साहित्यात फारसे उतरलेले नाही. दुष्काळ निसर्गाचा कोप म्हणून लिहिता येतो. कालव्यावरील टंचाई मात्र शेजाऱ्याच्या पिकाशी जोडलेली असते, आणि ती लिहावयाची तर नात्यागोत्यातील माणसांच्या हितसंबंधांविषयी लिहावे लागते. मराठी व कन्नड साहित्याच्या तौलनिक अभ्यासाला येथे एक मोकळे क्षेत्र आहे. दोन्ही भाषांतील महसुली शब्द, पाटकरी आणि नीरगंटी यांच्या स्मृती, कारखान्याच्या गावांतील आत्मकथने ही त्याची साधने ठरतील.

नीरा आणि मंड्या या दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट सिद्ध होते. पाण्याची आखणी पिकाच्या आखणीवाचून टिकत नाही, हे विश्वेश्वरय्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. पिकाची आखणी भावाच्या, अन्नाच्या प्रतिष्ठेच्या आणि जमिनीच्या मालकीच्या आखणीवाचून टिकत नाही, हा त्या ओळखीतून सुटलेला भाग होता. नाचणीला आणि ज्वारीला हमखास गिऱ्हाईक मिळाल्यावाचून कालव्यावरील कोणताही नियम शेतकऱ्याला जाचच वाटणार, आणि शेपटाचे गाव व पठारावरचे शहर दोघेही मुखाकडे पाहत राहणार.